दुसरा पेला

त्या दुपारी मी फक्त लसणाची पात आणायला बाजारात गेले होते. तैवानमधल्या आमच्या बेइतोउच्या ओढ्यातून नेहमीसारखी गंधकाची वाफ वर येत होती आणि पुलापलीकडचं माणूस दिसत नव्हतं. वाफेची मला सवय होती. धास्ती होती ती सुगावारासानची.

हे म्हातारबुवा इथेच जन्मले आणि युद्धानंतर बाकीच्या जपान्यांबरोबर जहाजात बसून गेले. आता दर हिवाळ्यात परत यायचे, ते आमच्या अतिथिगृहाच्या कुंडातल्या ऊन पाण्यापेक्षा आमचे आचारी कांग उस्ताद यांच्या एका रश्शासाठी. वाळवलेला माकूल, डब्यातल्या समुद्री गोगलगाई आणि लसणाची पात. एवढंच, पण उस्तादांच्या हातचा तो रस्सा प्यायला की बडबडी माणसंही गप्प बसायची. सतरा वर्षं मी त्यांच्या शेजारी राबले, तरी शेवटचा हात ते मला पात आणायला बाहेर पिटाळूनच फिरवायचे. दोन महिन्यांपूर्वी उस्ताद गेले आणि ती चवही गेली.

मालकीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "बी-हुआ, म्हाताऱ्यानं नाक मुरडलं तर उद्यापासून चुलीवर तैपेईचा आचारी. तू भांडी घास."

मी रस्सा केला, तांदळाची दारू गरम केली आणि सगळं वर नेलं. सवयीनं पेले मात्र दोन मांडले. दर वर्षी जेवण संपत आलं की उस्ताद वर यायचे आणि दोघं एकमेकांचा पेला भरायचे. आमच्याकडे आपला पेला कुणी आपण भरत नाही. ज्यानं आपल्याला पाजली, त्याला उलट पाजायची. चूक लक्षात येऊन मी दुसरा पेला उचलायला गेले, तर म्हातारबुवांनी हातानंच थांबवलं.

त्यांनी एक घोट घेतला. "चांगला आहे, पोरी. पण त्याचा नाही."

 "थोडी पात घालून बघते…" म्हणत मी खाली पळाले.

पात घेऊन परत आले, सरकतं दार उघडलं, तर त्यांचा पेला काठोकाठ भरलेला. वाफ निघत होती. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"स्वतःच ओतून घेतलीत?"

"जन्मात घेतली नाही… आता घेईन?" ते समोरच्या रिकाम्या गादीकडे बघत होते. "चाख आता."

मी त्यांच्या वाडग्यातला रस्सा चाखला. तीच चव होती. माकुलाचा खारा वास आधी, गोड मागाहून. आधी डोळे भरून आले आणि मगच मीही त्या रिकाम्या गादीकडे पाहिलं.

म्हातारबुवांनी आपली दारू संपवली आणि दोन्ही हातांनी सुरई उचलून समोरचा पेला भरला. "तुझ्यासारखा आचारी झाला नाही, कांग," ते म्हणाले. मी मान लववली. वर बघितलं तेव्हा तो पेला रिकामा होता.

"मालकिणीला सांग… चूल तुझीच, पोरी."

सकाळी ते न्याहारीला आले नाहीत. अंथरुणात शांत पडले होते, अंग गार, आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

चूल माझ्याकडे राहिली. रोज दुपारी रस्सा चढवते, पात आणायला मागे वळते, तेवढ्यात तो जमलेला असतो. लोक वाडगा पुसून खातात आणि माझं कौतुक करतात. ते माझं नाही, हे मला ठाऊक आहे. चुलीशेजारी रोज एक भरलेला, गरम पेला असतो. तो मी ओढ्यात ओतून येते. प्यायलं की उलट पाजावी लागेल, आणि पाजणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलंय.

काल थंडी फार होती. शिवाय खरं सांगते, सतरा वर्षं ज्यांच्या हाताकडे बघत जगले, त्यांनी भरलेला पेला रोज फेकून देणं आता जड जात होतं. मी तो प्यायले.

आज चुलीशेजारचा पेला रिकामा आहे. आणि सुरई माझ्या हाताशी ठेवलेली आहे, गरम.