तीन नळ्या, तीन घास

पायऱ्यांच्या वळणावर धडक झाली, बाटलीचं बूच उडालं आणि तेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठावरचं पिवळं पाणी मिहरेतच्या पांढऱ्या कोटावर सांडलं.

"माफ करा... आईनं बहिणीसाठी विरजण दिलं होतं," खालच्या ग्रंथालयातला बिरुक पुटपुटला. "कोट धुवून आणतो."

तिनं बाही नाकाशी नेली. छान आंबट वास होता.

"कोट राहू द्या. बाटलीत उरलंय ते द्या."

मिहरेतचा प्रबंध याच पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर होता. त्यांच्यात प्रथिनं किती, ते मोजायचं. मग दर शुक्रवारी बिरुक विरजण घेऊन अदिस अबाबातल्या तिच्या प्रयोगशाळेत येऊ लागला... आणि रेंगाळू लागला.

आजही रेंगाळला होता. तिनं नळ्यांतल्या विरजणात तांबूस रंग सोडला. बघता बघता तो गर्द निळा झाला.

"जितकं निळं, तितकी प्रथिनं," ती हरखून म्हणाली. "मागच्या वेळेच्या दुप्पट आलीत! चार वाजता सरांना आकडा दिला की प्रबंध पुरा. नळी मात्र स्वच्छ हवी. साबण राहिला तरी निळं होतं."

बिरुकनं हातातलं फडकं खाली ठेवलं. गप्प राहिला असता, तर कुणाला कळणार होतं?

"सकाळी नळ्या मी धुतल्या," तो म्हणाला. "साबणानं. तुमचं काम हलकं व्हावं म्हणून..."

"किती साबण?"

"भरपूर. मनापासून घासल्या."

तिनं निळ्या नळ्या बाजूला सारल्या. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच.

"आज शुक्रवारचा उपास आहे, रागवायचं नाही. नाहीतर दाखवलं असतं तुम्हाला."

तिनं तीन कोऱ्या नळ्या घेतल्या.

"तीन कशाला? एकीनं भागत नाही?"

"एका मापावर भरवसा ठेवू नये. तीनदा तेच आलं, तर खरं."

या वेळी निळं फिकं आलं. तिन्ही नळ्यांत तेवढंच.

"लहान आहे आकडा," ती वहीत लिहीत म्हणाली, "पण खोटा नाही."

तीन वाजले. उपास सोडायची वेळ झाली. बिरुकनं आईचा डबा उघडला, इंजेराच्या, म्हणजे तेफच्या आंबट धिरड्याच्या, तुकड्यात मसुराचं कालवण गुंडाळलं आणि – जरा थबकून – तिच्या ओठांशी नेलं. तिनं घास घेतला.

"आई म्हणते, एकच घास भरवला तर भांडण होतं."

"मग?"

त्यानं दुसरा भरवला. "आता... पुरे?"

"दोन मापांवर मी कधी थांबलेय?" मिहरेत हळूच म्हणाली. "तिसरा दे, बिरुक. मग आधी सरांकडे जाऊ... आणि नंतर तुझ्या आईकडे."

त्यानं तिसरा घास पुढे केला. तिनं त्याचा हात दोन्ही हातांनी धरला.