काराओत्केलचा वाटाड्या

"तोगझान, मागे फिर!" बातिमाने करकचून ब्रेक दाबला. मागून येणारा अलीबी तिच्या सायकलवर आपटता आपटता वाचला आणि बहिणीवर चांगलाच वैतागला.

बातिमा तेरा वर्षांची, अलीबी दहाचा. सुट्टीत आजोबांबरोबर दोघं तोरगायच्या गवताळ माळावरून अस्तानाला मामाकडे आली होती. मामाची तोगझान इथलीच, चौदा वर्षांची. चार दिवस ती त्यांना शहर दाखवत होती. काचेचे मनोरे, आभाळ पकडून ठेवणाऱ्या भिंती, रस्ते असे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. वर बघून बघून अलीबीची मान अवघडली होती. "नदीच्या या काठावर माझ्या बाबांपेक्षा जुनं काहीच नाही," असं तोगझान अभिमानाने सांगायची, आणि बातिमाला ते खरंच वाटायचं. एवढं मोठं शहर कुणीतरी कालपरवा माळावर उलगडून ठेवलंय, असं.

पण आत्ता येसिल नदीच्या काठाने जाताना तिला काहीतरी दिसलं होतं. नव्या वाहनतळासाठी लांबलचक चर खणला होता. मजुरांनी ये-जा करायला त्यावर फळी टाकली होती, आणि फळीचं एक टोक टेकवलं होतं एका काळ्या, तिरक्या दगडावर. दगडावर अक्षरं होती.

बातिमा चरात उतरली आणि तळहाताने माती पुसू लागली. उजवीकडून डावीकडे धावणारी जुनी लिपी! आजोबा अजून याच लिपीत टिपणं लिहीत, म्हणून तिला थोडी अक्षरं लागत. बोट फिरवत ती एकेक जुळवत गेली. का... रा... ओत्...

"काराओत्केल," ती हळूच म्हणाली.

हे नाव तोगझानने शाळेत वाचलं होतं. शहर नव्हतं, किल्ला नव्हता, तेव्हा इथे नदीला उथळ पाण्याचा उतार होता. तांडे, घोडे, मेंढ्या तिथूनच पाणी ओलांडत. त्या जागेचं नाव काराओत्केल.

फळीवरून मुकादम सेयितकान आला. पोरांना पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. दगड आठवड्यापूर्वीच सापडला, हे त्याने कबूल केलं. मग कळवलं का नाही, असं तोगझानने विचारलं, तर तो म्हणाला, "कळवलं की महिनाभर काम बंद, पोरी. दगडांना काय तोटा आहे? अकराला काँक्रीटची गाडी येईल. त्याआधी घरी पळा."

साडेदहा वाजले होते.

तोगझानने संग्रहालयात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी जांभई देत सांगितलं, की लेखी अर्ज करा, सोमवारी बघू. मग तिने बाबांना दगडाचा फोटो पाठवला. आजोबांना घेऊन लगेच निघतो, म्हणाले, पण पोहोचायला पाऊण तास तरी लागणार होता.

"मला भूक लागलीय," अलीबी म्हणाला.

तोगझान त्याच्यावर खेकसणार, एवढ्यात बातिमाने तिचा हात धरला. "लागू दे. आपण इथेच जेवायला बसू."

गाडी चराशी येणार ती एकाच जागेवरून, दगडाच्या अगदी समोर. बातिमाने आधी दगडाकडे पाहून, त्याच्यासमोर जेवायला बसतोय म्हणून, मनातल्या मनात माफी मागितली. मग नेमक्या त्या जागी तिघांनी दस्तरखान, जेवणाचं कापड, अंथरला. मामीने दिलेले फुगीर, तळलेले बाउरसाक, सुक्या दह्याच्या खारट गोळ्या, थर्मासमधला दुधाचा चहा, सगळं मांडलं. अकराला गाडी घरघरत आली आणि थबकली.

सेयितकान धावत आला, पण दस्तरखानाच्या काठाशी त्याचे पाय आपोआप थांबले. अन्न ओलांडून जायला त्याला त्याच्या आईने कधी शिकवलं नव्हतं. त्याने फर्मावलं, "उचला हे!"

"उचलतो की, काका," बातिमा अदबीने म्हणाली. "पण पाहुणे दारात येऊन न चाखता गेले, तर आजोबा आम्हाला काय म्हणतील?"

गाडीचा चालक खुदकन हसला. सेयितकानने चरफडत एक बाउरसाक तोंडात टाकला. लगेच बातिमाने चहाचं वाडगं पुढे केलं. चहा तळाशी, जेमतेम दोन घोट. भरलेलं वाडगं म्हणजे "आता निघा", हे लहान पोरालाही ठाऊक असतं. थोडासा चहा म्हणजे मान. मान नाकारणार कसा? तो प्यायला. तिने पुन्हा दोन घोट ओतले. तो पुन्हा प्यायला. चालकही येऊन मांडी घालून बसला. अलीबी घोड्यांचे प्रश्न विचारत सुटला, आणि सेयितकान घोड्यांच्या मुलखातलाच निघाला! आपल्या तांबड्या घोडीबद्दल तो बोलू लागला, तेव्हा घड्याळाकडे बघायचं त्याच्याही ध्यानात राहिलं नाही.

थर्मासमधून शेवटचे थेंब पडले, तेव्हाच मामाची गाडी येऊन उभी राहिली.

मामाच्या आधाराने आजोबा चरात उतरले. दगडासमोर ते गुडघे टेकून बसले. मग त्यांनी मोठ्याने वाचलं.

"तोकसाबाचा मुलगा बोरीबाय इथे निजला आहे. काराओत्केलच्या उतारावर त्याने चाळीस वर्षं लोकांना पाण्यातली वाट दाखवली. वाटसरू, पलीकडे जाण्याआधी माझ्यासाठी दोन शब्द म्हण."

दगड कुणी आणून टाकलेला नव्हता. तो आपल्या जागीच उभा होता, आणि त्याच्याखाली तो माणूस. एवढे मनोरे उभे राहिले, आणि हा आपला नदीकाठी निजलेलाच!

सेयितकानने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग स्वतःच्या हातांनी दगडावरची फळी उचलून बाजूला ठेवली. चालक, मजूर, मामा, मुलं, सगळ्यांनी तळहात पुढे धरले. आजोबांनी प्रार्थना म्हटली. गाडीचं पिंप मागे घरघरत फिरत होतं, तेवढाच आवाज.

प्रार्थना झाल्यावर सेयितकानने गाडी परत पाठवली आणि मोठ्या साहेबांना स्वतः फोन लावला. काम थांबलंय, चूक माझी आहे, एवढंच बोलला. दुपारी संग्रहालयाची माणसं आली, सोमवारची वाट न बघता. त्या कबरीभोवती दोरी लागली. वाहनतळाचा चर आता वळसा घालून जाणार होता.

"बाबा, तुमच्या नातीने मला अकरा वाडगी चहा पाजला," सेयितकान आजोबांना म्हणाला. "एकही भरलं नाही. अशी पोरं घरात असणं म्हणजे भाग्य."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी तिघांना जवळ घेतलं.

"तरुणपणी मी इथे चार वर्षं ट्रॅक्टर चालवला," ते म्हणाले. "सगळा माळ नांगरला. दगड लागला की बाजूला ढकलायचा, हाच हुकूम. असे किती ढकलले, कोण जाणे. त्यांवर काय लिहिलंय, हे मला वाचता येत होतं, बाळांनो. मी एकदाही खाली उतरलो नाही. तुम्ही उतरलात."