उभी डिस्क

अंधांसाठीच्या त्या वाचनालयात तिला सगळे सूनबाईच म्हणत. तिच्या सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या ‘बाई’, तिथे वर्षानुवर्षं पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत आल्या होत्या. आवाज असा, की ऐकणारा जागचा हलत नसे. शेवटी दम्यानं अंथरुणाला पाठ टेकवेना, तरी ताठ बसून वाचत राहिल्या. त्या गेल्यावर त्यांची सगळी पुस्तकं एका उभ्या हार्ड डिस्कमध्ये राहिली. ती डिस्क सूनबाई सांभाळायची.

नवं कपाट आलं. खण बुटके, त्यामुळे डिस्क आडवी ठेवावी लागली.

“अशानं लवकर बिघडेल का गं?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“उभी काय, आडवी काय, तिला सारखंच. चालू असताना धक्का लागला नाही म्हणजे झालं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींनी कानावरचे हेडफोन काढले. निवृत्त शिक्षक, बाईंचे जुने श्रोते.

“सूनबाई, बाईंना दम लागतोय.”

तिनं ऐकलं. दोन शब्दांच्या मध्ये बारीक शीळ वाजत होती.

तिनं डिस्क तपासली. एकही दोष नाही. तेच पुस्तक दुसऱ्या डिस्कवर उतरवून ऐकलं, तर आवाज स्वच्छ. मग मूळ डिस्क बंद करून उभी केली, सुरू केली. आवाज खणखणीत. आडवी केली. पुन्हा शीळ.

तिनं पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी. मग तिचे हात थांबले. एखाद्या आजारी माणसाला आपण उगाच उठवतोय, निजवतोय, असं तिला वाटलं.

कपाटाची एक फळी काढून तिनं डिस्क कायमची उभी केली. “आत काहीतरी ढिलं असेल,” असं व्यवस्थापकांना सांगितलं. मनात मात्र आलं, काय जिद्दीची बाई होती ही!

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी गुरुजी ऐकत बसले होते, तेव्हा तिनंही दुसरे हेडफोन लावले. बाई रंगात येऊन वाचत होत्या. कसा एकेक शब्द उजळत होता!

एका वाक्याशी बाई थांबल्या.

पान उलटल्याचा आवाज आला नाही.

मग अगदी हळू, घरातल्या आवाजात, “सूनबाई, खिडकी लावून घे. गुरुजींना वारा लागतोय.”

तिनं मान वळवली.

गुरुजींनी कॉलर कानापर्यंत ओढून घेतली होती.

“लाव की,” ते म्हणाले. “सांगतायत ना.”