झाकणावरचे थेंब

वाफ गार झाली की तिचे थेंब होतात, हा पाठ मी चौलच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवला. पातेल्यात पाणी उकळायचं, वर झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळाने ते उलटं करून मुलांना दाखवायचं. एकसष्ट सालच्या डिसेंबरात, एका सोमवारी, त्यासाठी मी शेजारच्या सत्यवतीकडून तिचा झाकणाचा जपानी वाडगा मागून आणला. झाकण उचलल्यावर पाण्याचे ओघळ माझ्या धोतरावर पडले आणि चौथीचा वर्ग पोट धरून हसला.

वाडगा लाकडी होता, बाहेरून काळा, आतून लाल. सत्यवती आणि तिचा नवरा दयाराम मुंबईत एका जपानी साहेबाकडे नोकरीला होते. तो गाडी चालवायचा, ती स्वयंपाकघरात. तिथल्या बाईंनी तिला त्यांचं रोजचं जेवण शिकवलं होतं. बिनमिठाचा चिकट भात, पातळ पसरून गुंडाळलेलं अंडं, सुक्या मासळीच्या पाण्यात मुळ्याच्या चकत्या घालून केलेलं सार. सासू मनुबाई पडली, तिचा पाय मोडला, म्हणून सत्यवती मुलीला घेऊन गावी परत आली. दयाराम मुंबईतच राहिला.

रोज दुपारी ती दयारामचं पान त्याच्या जागी मांडायची. भात, आणि त्या वाडग्यात गरम सार, झाकलेलं.

"बाईंनी सांगितलंय, गुरुजी. घरचा माणूस लांब असला की त्याचं पान मांडायचं. आपलं जेवण उरकलं की झाकण उघडायचं. आतनं थेंब असले तर माणूस सुखरूप."

"गरम सारावर थेंब असणारच, सत्यवती."

"व्हय, ते मलाबी कळतं." ती हसली. "पन बघितलं की बरं वाटतं."

खाटेवरून मनुबाई म्हणाली, "जित्या माणसाचं पान असं मांडत्यात व्हय? उद्या माझंबी मांड. मी बसते बघत."

नंतर ते अन्न दयारामची मुलगी ठमी खायची. ती माझ्याच वर्गात होती.

सत्यवतीच्या भीतीला कारण होतं. दिवाळीला आला तेव्हा दयाराम अंगणात बसून म्हणाला होता, "मानसं चालत्या ट्रामीतनं उडी मारत्यात नि सरळ माझ्या गाडीफुडं. हातगाडीवाला तर देवालाबी वाट द्यायचा न्हाय. या वर्सात तिघं वाचले, गुरुजी. चौथ्या टायमाला मीच न्हायतर तो." आत सत्यवतीचा वाढता हात थांबलेला मला दिसला होता.

मी वाडगा वर्गात नेला त्याच आठवड्यात, बुधवारी, पान मांडून गेलेली सत्यवती रेवदंड्याच्या बाजारात अडकली. एस.टी. चुकली होती. मनुबाई आता काठी घेऊन चालायची. दुपार टळत आली, पान तसंच मांडलेलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून तिने त्यातला भात उचलून अंगणाच्या गडग्यावर ठेवला.

"कावळा टपलेलाच व्हता," ती नंतर मला म्हणाली. "हात मागं घ्यायच्या आत शिवला." आणि तिने तोंडाला पदर लावला.

सत्यवतीने घरी येऊन सासूकडून सगळं ऐकलं. तिने वाडगा धुतला, सार पुन्हा उकळलं, ओतलं, झाकलं. थोड्या वेळाने झाकण उघडलं. मग मला बोलावून घेतलं.

माझ्यासमोर तिने तेच पुन्हा केलं. मी वाकलो तर चष्म्याच्या काचा धुरकटल्या. झाकणाला आतून बोट फिरवलं. कोरडं. माझी पितळी ताटली त्याच वाडग्यावर ठेवून पाहिली. तिला थेंब आले.

"लाकूड पाणी पितं कधीकधी," मी म्हणालो. सोमवारचं धोतर मला आठवत होतं.

"गुरुजी, तार करा."

"माझ्या नावानं करा," मनुबाई म्हणाली. "म्हातारी मरायला टेकली म्हनावं. मेले तरी चालंल, पन त्याला आना."

मी रेवदंड्याला जाऊन तशी खोटी तार केली.

शुक्रवारी दुपारी दयाराम आला. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला, तिथून एस.टी.ने. अंगावर ओरखडाही नव्हता. मनुबाईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि ती मोठ्याने रडली.

बुधवारीच झालं होतं, तो म्हणाला. दुपारची वेळ. साहेबांना सोडून तो एकटाच परतत होता. उभ्या ट्रामला वळसा घातला आणि समोर सळ्यांनी भरलेली लॉरी.

"सळ्या काचंतनं आत आल्या, शीटच्या पाठीतनं आरपार गेल्या. मी कवा उतरलो तेच ठावं न्हाय. बघतो तर रस्त्यात हुबा."

सत्यवतीने त्याला जेवायला वाढलं. मग त्याच्या शेजारी दुसरं पान मांडलं आणि वाडग्यावर झाकण ठेवलं.

"अगं, मी हितं बसलोय की!" तो हसला. "आता कोन यायचं ऱ्हायलंय?"

"असू दे," ती म्हणाली.

मागल्या दारी मी तिला समजावलं. मनातली भीती जायला दिवस लागतात.

"गुरुजी, उकळतं सार त्यांनी फुंकर न घालता पिलं," ती म्हणाली. "त्यांना तर कोमट चहानंबी चटका बसायचा. नि झाकण अजून कोरडंच हाय."

पुढच्या सोमवारी पाठाचा दुसरा भाग होता. आपल्या श्वासातही वाफ असते. मुलांना घरचा अभ्यास दिला. घरातल्या प्रत्येकाला गार आरशावर श्वास सोडायला सांगा आणि काय दिसलं ते लिहा.

मंगळवारी ठमीने वही पुढे केली. अक्षर नेहमीसारखं टपोरं.

*मी – ओला. आई – ओला. आजी – ओला. म्हैस – खूप ओला.*

*घरी आलेले बाबा – कोरडा.*

"पुन्हा करून बघायचं, ठमे," मी म्हणालो. चुकलेल्या प्रयोगाला मी नेहमी हेच सांगतो.

"चारदा केला, गुरुजी. आरसा पुसूनपुसून केला."

मी लाल पेन्सिल उचलली. तेव्हा मला खालची ओळ दिसली.

*मुंबईचे बाबा – आज झाकणावर दोन थेंब.*