पन्हळीआडची ज्योत

जेट इंजिनाच्या मागल्या नळीत दुसऱ्यांदा इंधन फवारून ते पेटवतात. त्या भागाला आफ्टरबर्नर म्हणतात. तिथे ज्योत पेटवणे फारसे अवघड नाही, पेटलेली टिकवणे अवघड आहे. नळीतला झोत कोणत्याही वादळाहून वेगाने वाहत असतो. म्हणून त्याच्या वाटेत पन्हळीसारखी वळवलेली एक पोलादी कडी बसवतात. कडीच्या पाठीमागे झोताचा लहानसा भोवरा उलटा फिरतो आणि ज्योत त्या आडोशाला तग धरते. गेली तीस वर्षे मी हे आडोसे तपासत आलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचून कोणी मला भाबडा ठरवील, आणि भाबड्या माणसाच्या हाती हे काम कोणी देत नाही.

चाचणीच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. जाड काचेपलीकडे इंजिन. अलीकडे मी आणि इंधनाची झडप सांभाळणारा माझा सोबती. त्याला सगळे ‘फुंकर’ म्हणत. “घरी एका फुंकरीत मेणबत्ती विझते, आम्ही इथं लाख फुंकरींत पेटती ठेवतो,” असे तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवी. त्यावरून नाव पडले. आमची रीत ठरलेली होती. मी “पेटव” म्हणायचे, त्याने झडप उघडून “दिलं” म्हणायचे आणि त्या शब्दावर मी ठिणगीचे बटण दाबायचे. इंधन फार आधी आले तर ते साचून दणका बसतो, उशिरा आले तर ठिणगी वाया जाते. फुंकरने घड्याळाकडे कधी पाहिले नाही, आणि बावीस वर्षांत त्याचा हात कधी चुकला नाही. चुकत असत त्याची मते. त्यांवरून आम्ही रोज भांडत असू.

गेल्या वर्षी तो निवृत्त होऊन दूरच्या शहरात मुलाकडे राहायला गेला. झडप संगणकाच्या हवाली झाली. आता एकाच बटणाने दोन्ही कामे होतात, हाक कोणालाच लागत नाही. तरीही रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी, बटणावर बोट ठेवून, मी रिकाम्या खुर्चीच्या दिशेने “पेटव” म्हणत राहिलो. पुष्कळ दिवस असे जात की दिवसभरात माझ्या तोंडून निघालेला तो एकच शब्द असे.

एके दिवशी नोंदींच्या आलेखात झडप बटणाच्या आधी उघडलेली दिसली. चार दशांश सेकंद आधी. मी झडप खोलून पाहिली, तारा बदलल्या, दोन्ही घड्याळे जुळवली. आठवडाभर तेच. खोलीतले बोलणेही त्याच आलेखात नोंदले जाते; झडप बटणाला नव्हे, माझ्या हाकेला उघडत होती. मग कपाटातून जुन्या नोंदी काढल्या. हाक आणि झडप यांतले अंतर फुंकरच्या हाताशी तंतोतंत जुळत होते.

मी त्याला फोन लावला.

“काय रे हेकट, आहेस अजून?” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

“तब्येत कशी आहे?”

“तब्येतीचं सोड. तू रोज अकरा-दहाला मला हाका का मारतोस?”

मी जुन्या नोंदींचा कागद जवळ ओढला.

“सून म्हणते, बाबांना भास होतात. पण हात आपोआप उठतो बघ. तोंडातून ‘दिलं’ निघतं, आणि मग तासभर अशी हुडहुडी भरते की विचारू नकोस. भर उन्हात दोन ब्लँकेटं घेऊन बसतो. शेजारी हसतात.”

“मी हाक मारणं बंद करतो.”

“कर बाबा. नाहीतर गारठूनच जायचो एखाद्या दिवशी.” तो हसला, पण त्याचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी मी ओठ मिटून बटण दाबले. ज्योत पेटली आणि तिसऱ्या सेकंदाला वाहून गेली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. असे तीन दिवस गेले. दोष कडीत होता, असे कोणी म्हणेल. मीही अहवालात तसेच लिहू शकलो असतो.

चौथ्या दिवशी मी “पेटव” म्हणालो. युक्तिवाद तयार होता: कडी वेळेत मंजूर व्हायला हवी, वैमानिकांचा जीव तिच्यावर आहे. तो युक्तिवाद खोटा होता. मला कोणीतरी उत्तर द्यायला हवे होते. झडप उघडली आणि ज्योत आडोशाला अशी बसली की मी हातातला कागद खाली ठेवून नुसता पाहत राहिलो.

पुढचे अकरा दिवस मी हाक मारली. फोन केला नाही.

आज दहा मिनिटांनी चाचणी संपली. मी इंधन तोडले, इंजिन बंद केले. घरघर उतरत गेली आणि थांबली.

नळीत रोखलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ज्योत तशीच होती.

हाताने फिरवायची मुख्य झडप पाहिली. बंद होती. पडद्यावरचे चित्र जुने तर नाही ना, म्हणून नळीतला दिवा लावून पाहिला. चित्र उजळले. ज्योत कडीमागे होती, तळहाताएवढी, निळसर. तिच्याभोवती वारा नव्हता, आवाज नव्हता.

तापमान पाहिले. नुकत्याच विझलेल्या नळीत सगळे काटे सहाशेच्या वर होते. एक सोडून. ज्योतीला लागून असलेला काटा सदतीसवर होता.

मी त्या काट्याच्या काचेवर टिचकी मारली. सदतीस.

मग छत्तीस.

मी फोन लावला. सुनेने उचलला.

“बाबा ना? आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. आज किती दिवसांनी थरथर थांबली. उठवू का?”

पस्तीस.

“उठवा,” मी म्हणालो.

तिने फोन टेबलावर ठेवला. तिची पावले आत गेली. दार उघडले.

“बाबा,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, “बाबा.”

काटा चौतीसवर आला. ज्योत मात्र तसूभरही हलली नव्हती.