पावडरीवरची बोटं

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही. रोज दोन्ही वेळा देवासमोर बसणारी बाई आहे मी. गेलेल्या नवऱ्याच्या नावावर खोटं रचणार नाही.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. जागा, आमच्या घरामागची पत्र्याची शेड.

तिथे ह्यांची जुनी मोटरसायकल उभी होती. अपघातानंतर तिला कोणी हात लावला नव्हता.

हे वळणावर घसरले आणि जागच्या जागी गेले. मागचं टायर ऑईलने माखलेलं होतं. त्याच सकाळी गाडीचं काम ह्यांच्या मित्राने, आमच्या मिस्त्रीने केलेलं. आणि तोच चहाच्या टपरीवर सांगत सुटला, "प्यायला होता. पडला म्हणून इंजिन तडकलं, म्हणून ऑईल सांडलं."

खोकल्याचं औषध घ्यायलासुद्धा जो माणूस तोंड वाकडं करायचा, तो प्यायलेला!

लोकांनी माना डोलावल्या. मी वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही. पण आत जे जळत होतं ते माझं मला माहीत.

मुलगी माझ्यासारखी नाही. एक दिवस तिने ताडपत्री ओढून काढली.

"आई, आज सोक्षमोक्ष लावू. खालच्या तड्यातून गळत असेल तर मिस्त्रीकाका खरे. दुसरीकडून गळत असेल तर पडण्याआधीच गळत होतं."

तिने मिस्त्रीलाच बोलावून घेतलं. समोर उभं राहा म्हणाली.

"अगं, म्हातारी गाडी आहे, थोडीफार गळणारच," तो हसला. "माझेच गुडघे बघ."

"तुमच्या गुडघ्यांनी कोणाचा जीव नाही घेतला, काका."

त्याने खिशातून बिडी काढली.

ऑईल टपकतं एकीकडे आणि गळतं भलतीकडेच. म्हणून तिने इंजिन रॉकेलने घासून लख्ख कोरडं केलं, नवं ऑईल भरलं आणि वरून अंगाला लावायची पावडर उडवली. जिथे पावडर आधी ओली होईल, तिथे गळती.

इंजिन पांढरंफटक झालं. खालची फरशीही.

ती दार लोटून पेट्रोल आणायला गेली. मिस्त्री अंगणात बिडी ओढत होता. मी मागच्या पायरीवर माळ घेऊन बसले. माळ पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम.

वाऱ्याने पत्रा खडखडत होता...

एकदम थांबला.

आणि शेडमधून आवाज आला... टक.

फरशीवर पाना ठेवावा तसा.

पुन्हा... टक.

मिस्त्रीने बिडी टाकली. "आत कोण आहे, वहिनी?"

मी नुसती मान हलवली. कोणी नाही.

मुलगी आली. तिने दार ढकललं.

फरशीवरची पावडर जशीच्या तशी. एकही पाऊल नाही. पाने सगळे भिंतीवर, आपापल्या खिळ्याला.

फक्त इंजिनच्या वर, जिथे ऑईलची बारीक नळी जोडलेली असते, तिथल्या बोल्टभोवती...

बोटं उमटली होती.

चार बोटं आणि अंगठा. बोल्ट घट्ट आहे का ते हाताने चाचपावं, तशी.

मुलीने पेट्रोल ओतलं आणि किक मारली. इंजिन सुरू झालं. खालचा भाग पांढराच राहिला, ठणठणीत कोरडा.

वर, त्या बोटांच्या खालून, एक ओली रेघ निघाली... आणि सरकत सरकत मागच्या टायरकडे गेली.

कोणी काहीच विचारलं नव्हतं. तरी मिस्त्री बोलायला लागला.

"मी आवळणारच होतो, वहिनी. वायसर जुनाच टाकला आणि बोल्ट नुसता हाताने लावून ठेवला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं... डोक्यातून गेलं माझ्या. वहिनी, बोला ना काहीतरी!"

मी मणी ओढत राहिले. माळ पुरी झाल्यावर म्हणाले, "जिथे बोललात, तिथेच जाऊन खरं सांगा. सगळ्यांदेखत."

तो गेला. सांगितलं. रडला म्हणे.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

महिन्याभराने तो दारात आला. ओळखू येईना, इतका खंगलेला.

"वहिनी, हाताखालून गेलेली एकही गाडी टिकत नाही. पान्याने करकचून आवळतो. सकाळी दुकान उघडलं की वरचा बोल्ट सैल... आणि त्यावर पांढरी बोटं. तुम्ही जप करता. त्याला सांगा ना, सोड म्हणावं आता."

मी हो म्हटलं. त्या रात्री फोटोसमोर हात जोडून ह्यांना सांगितलं, झालं तुमच्या मनासारखं, आता शांत व्हा.

तरी थांबलं नाही. मिस्त्रीने दुकान बंद केलं. मग दुसऱ्याकडे नोकरी धरली... तिथेही तेच.

ह्यांनी जिवंतपणी कधी कोणावर डूख धरला नाही. भांडण झालं तर जेवणाआधी मिटवणारा माणूस. आणि ह्यांना हवं होतं ते त्या संध्याकाळीच मिळालं.

मग रोज रात्री ते बोल्ट कोण सैल करतंय?

हे मी देवाला विचारायला बसते... आणि विचारवत नाही. कारण डोळे मिटले की मला अजून तीच टपरी दिसते, त्या डोलणाऱ्या माना दिसतात, आणि माझा राग एवढासुद्धा उतरलेला नाही.