अकराव्या पिल्लाचा उपास

डेटन शहरातल्या साप-सरड्यांच्या मेळ्यात त्या मार्चच्या सकाळी टेसा आली होती ती आपल्या ‘बिशप’साठी बायको शोधायला. बिशप म्हणजे तिचा चार वर्षांचा किंगस्नेक जातीचा बिनविषारी साप – काळाभोर, अंगावर दुधासारखे पांढरे पट्टे. एका टेबलावर तशाच पट्ट्यांची एक मादी पाहून तिनं हात पुढे केला, आणि नेमका त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनंही एक हात आला. बोटं बोटांवर पडली.

“तुम्हीही हीच घेणार होतात?” तिनं विचारलं.

“घेणार कसली! माझीच आहे ती,” तो हसला. “डचेस. विकायची नाही हो... पण नवरदेव चांगला असेल तर बोलणी करू.”

त्याचं नाव वेस. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. नखांत काळं तेल, आणि आवाज मात्र लोण्यासारखा. टेसा बेकरीत केकवर साखरेची फुलं काढायची. ठरलं ते असं – लग्न टेसाच्या घरी, पिल्लं निम्मी-निम्मी.

एप्रिलमध्ये जोडी जमली. जूनमध्ये डचेसनं ओलसर शेवाळ्यात अकरा अंडी घातली. टेसानं ती हलक्या हातानं, जराही न उलटता, उबेच्या पेटीत ठेवली. तेव्हापासून वेस दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागला.

“अंडी बघायला आलो,” तो दारातूनच म्हणायचा.

“बघ की. पळून नाही गेली.”

पाच मिनिटांत अंडी बघून व्हायची. मग लिंबाचं सरबत, मागच्या पायरीवर बसणं, मक्याच्या शेतावर उतरणारं ऊन... आणि शेवटी वाजणारा त्याचा फोन.

फोन शेल्बीचा असायचा. शेल्बी म्हणजे वेसची जुनी मैत्रीण. वीस वर्षं घरी साप वाढवणाऱ्या बापाची लेक. लाल केस, खळखळून हसणं. एकदा ती अंडी पाहायला आली आणि वेसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “पहिलं पिल्लू मी निवडणार हं! तू कबूल केलंयस.”

टेसाच्या हातातला पेला आपटलाच टेबलावर.

“काय झालं?” वेसनं विचारलं.

“काही नाही. निसटला.”

ऑगस्टच्या मध्यावर अंडी चिरली. चिरेतून इवलीशी नाकं डोकावली आणि टेसा-वेस दोघंही श्वास रोखून जमिनीवर पालथे पडले. किंगस्नेक भावंडांनाही गिळतो, म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी. पहिली कात पडल्यावर दहा पिल्लांनी उंदराची गुलाबी पिल्लं गटकन गिळली. अकराव्यानं मात्र तोंड फिरवलं.

एक आठवडा गेला. दुसरा गेला.

“शेल्बीला बोलावू या,” वेस म्हणाला. “अशा हट्टी पिल्लांना खाऊ घालणं तिला—”

“माझं मी बघीन!”

“टेसा, ते वाळत चाललंय गं.”

“प्रत्येक गोष्टीला शेल्बीच कशी लागते रे तुला?”

वेसनं टोपी उचलली आणि गेला. पुढच्या मंगळवारी तो आलाच नाही.

बुधवारी तिनं डबी उघडली. पिल्लाच्या पाठीचा कणा कातडीतून दिसत होता. उचललं तर ते तिच्या बोटाला विळखाही घालेना. टेसाला स्वतःचीच लाज वाटली... आपल्या जळफळाटापायी या जिवाला उपाशी मारतोय आपण! तिनं वेसला नाही, सरळ शेल्बीलाच फोन लावला.

तासाभरात शेल्बी हजर झाली. बरणीत एक पाल होती. पालीचा वास लागावा म्हणून तिनं ती उंदराच्या पिल्लावर हळूच घासली आणि घास चिमट्यात धरून डबीत नेला. पिल्लाची जीभ लवलवली. एकदा. दोनदा. मग झडप!

टेसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. “तुला आधीच बोलवायला हवं होतं. पण तू आणि वेस...”

“मी आणि वेस?” शेल्बी चिमटा पुसत म्हणाली. “जुलैत मीच विचारलं त्याला, माझ्याशी जुळवतोस का म्हणून. नाही म्हणाला. म्हणे मंगळवार-शुक्रवार अंडी तपासायची असतात! मी म्हटलं, अरे बाबा, अंड्यांना कोणी हात लावत नाही. झाकण उघडलं तर ऊब जाते. तर तो कानापर्यंत लाल! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुला एवढं कळू नये?”

शुक्रवारी वेस आला. दारातच अडखळला. “ते पिल्लू...”

“खाल्लं त्यानं. शेल्बीला मीच बोलावलं.” टेसा म्हणाली. “वेस, मला तिचा मत्सर वाटत होता. भयंकर! तुझा फोन वाजला की तो सरबतात बुडवावासा वाटायचा.”

वेसनं टोपी काढली. “आणि मला वाटलं, रोज रोज येणारा हा माणूस तुला नकोसा झालाय...”

“आठवड्यातून दोनदाच यायचास मेल्या! तेच तर दुखत होतं.”

तो पुढे झाला. तिचा हात धरायला त्यानं हात लांबवला, आणि टेसा दोन पावलं मागे सरली.

“थांब थांब! आत्ताच डब्या साफ केल्यात मी. हात धुऊ दे आधी.”

“मग मीही धुतो,” वेस म्हणाला.

मोरीपाशी दोघांना पुरेल एवढी जागा नव्हतीच. खांद्याला खांदा भिडला. साबण एकच. फेसात त्याची बोटं तिच्या बोटांत गुंतली, आणि पाणी कितीतरी वेळ तसंच वाहत राहिलं.